सोपानचं भरलेलं ताट

सोपान जेवून उठला की त्याचं ताट घासावं का नुसतंच पालथं घालावं, असा घरच्यांना प्रश्न पडायचा. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं तो ताट पुसून घ्यायचा. मग त्यात घोटभर पाणी ओतायचा, बोटानं फिरवायचा आणि तेही पिऊन टाकायचा. पानात टाकायचं नाही, हा त्याचा नेम. एकदा एका लग्नात वाढप्यानं ह्याच्या "नको, नको"ला न जुमानता ताटात जिलब्यांचा ढीग केला. पंगत उठली, सतरंजी गुंडाळत गुंडाळत माणसं ह्याच्या मांडीपर्यंत आली, तरी हा आपला बसलेला. नवरानवरी मारुतीला जाऊन परत आली तेव्हा कुठं ह्याची शेवटची जिलबी संपली. पुढं दोन दिवस तो जेवला नाही, पण टाकलं काही नाही.

तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत आम्ही दोघं सातवीपर्यंत एका वर्गात. नंतर मी दौंडला रेल्वेत लागलो, तो शेतातच राहिला. वांगी, गवार, कडंला झेंडू. मी रिटायर होऊन गावी आलो आणि आमची जोडी पुन्हा जुळली. गावात कुणी मला एकट्याला बघितलं की विचारायचं, "साहेबराव, दुसरा बैल कुठं सोडला?"

सोपानचा दुसरा नेम मात्र मला पटत नव्हता. लेकीच्या घरचं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, नातवंड होईपर्यंत. हा नेम त्याच्या आईचा, धुरपदाकाकूंचा. त्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आमच्याकडं असलं काही नाही. आमच्या वडिलांनी छप्पन साली असले सगळे नेम देवांबरोबर एका गाठोड्यात बांधून भीमेत सोडले. मी माझ्या लेकीकडं लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात जाऊन मटण खाल्लं आणि वर रस्सा पातळ झाला असं म्हटलं म्हणून तिची बोलणीही खाल्ली.

धुरपदाकाकूंचे नेम मला लहानपणापासून माहीत. मी त्यांच्याकडं गेलो की माझं जेवण ओट्यावर, वेगळ्या जर्मनच्या ताटलीत. एका दिवाळीला सोपाननं, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं, माझा हात धरून मला थेट चुलीपाशी नेलं आणि आपल्या पाटाला लावून दुसरा पाट टाकला. काकू म्हणाल्या, "सोपाना, घरचा नेम मोडतूयास. काय तरी वंगाळ व्हईल बघ."

"व्हईल तवा बघू. आधी वाढ," सोपान म्हणाला.

काकूंनी वाढलं. तोंड फिरवून वाढलं, पण तुपाचा हात आखडला नाही. त्या दिवसापासून त्या घरात माझा पाट आत.

असा हा माणूस, पण लेकीच्या बाबतीत अडून बसला. शितल त्याची एकुलती एक. आई, गिताबाई, तिच्या लग्नाआधीच गेली. अठ्ठ्याण्णव साली शितलला शिरूरला दिली. जावई विनोद रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला. पोरगी हुशार, तीही त्याच कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागली. सगळं चांगलं, फक्त मूल होत नव्हतं. एक वर्ष झालं, तीन झाली, सात झाली.

सोपान महिन्या-दोन महिन्यांनी शिरूरला जायचा, बरेचदा मीही बरोबर. धडप्यात भाकरी, डब्यात कालवण, बाटलीत घरचं पाणी. लेकीच्या उंबऱ्यात बसून स्वतःची भाकरी स्वतः खायचा आणि आत बसून मी तिच्या हातचं पिठलं हाणायचो. माझ्या घशाखाली उतरायचं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. उतरायचं. पिठलं फार सुरेख करते ती. पण तिच्याकडं बघवायचं नाही.

एकदा ती म्हणाली, "आप्पा, माझ्या घरातली हवा तरी चालती का तुम्हाला? का ती पण धडप्यात बांधून आणलीय?"

मी हसलो. सोपान हसला नाही. तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई भिंतीवरून डोकावल्या, "पाव्हणं अजून उंबऱ्यातच का? व्हईल बाई, व्हईल. देव देईल औंदा." शितल आत गेली आणि उगाच भांडी वाजवायला लागली.

परतीच्या एसटीत मी सोपानला चांगला झापला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "साहेबा, मला काय हौस हाय व्हय? आई म्हनायची, नेम मोडला तर लेकीच्या कुशीला लागतंय. आधीच तिचं असं. त्यात माझ्या एका घोटापायी तिला काय झालं तर मी कुठं तोंड दावू?"

मग दोन हजार पाच सालची गोष्ट. विनोद एका रविवारी गावी आला. म्हणाला, "आप्पा, कंपनीनं बक्षीस दिलंय. पुण्यात मोठ्या हॉटेलात घरच्या चौघांना सकाळचा नाश्ता. आम्ही दोघं, तुम्ही आणि साहेबरावकाका."

सोपाननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हाटेल काय तुझ्या लेकीचं घर हाय का? पैसा कंपनीचा, भांडी हाटेलवाल्याची. तुझा नेम उंबऱ्याचा हाय ना? तिथं उंबराच न्हाई."

त्यानं विचार केला. "व्हय, तसं चालंल," म्हणाला. नंतर विनोदनं मला सांगितलं की हे कळल्यावर शितल रात्रभर झोपली नाही. नुसतं म्हणत होती, एकदा, एकाच टेबलावर आप्पा आणि मी जेवणार.

पुढच्या रविवारी तांबडं फुटायला विनोद आणि शितल मित्राची जीप घेऊन दारात. सोपाननं पांढरं धोतर नेसलं होतं, टोपीला नीळ दिली होती आणि सवयीनं धडप्यात भाकरी बांधली होती. ती मी काढून म्हशीला घातली.

ते हॉटेल काय सांगावं! छत आमच्या दौंडच्या लोकोशेडएवढं उंच, आणि धूर कुठंच नाही. जमीन अशी गुळगुळीत की सोपान चिखलातून चालल्यासारखा बोटं रोवून चालत होता. खाण्याच्या दालनात शिरलो तर काय, लग्नाचा बेत असावा तशी भांड्यांची रांग. चकचकीत झाकणं, खाली निळ्या ज्योती. आणि माणसं हातात ताटल्या घेऊन फिरतायत.

सोपान जाऊन खुर्चीवर ताठ बसला. बराच वेळ झाला तरी कुणी वाढायला येईना.

"वाढपी कुठं गेलं सगळं?" त्यानं विचारलं.

शितल म्हणाली, "आप्पा, इथं आपलं आपण घ्यायचं. जे पाहिजे ते, पाहिजे तेवढं."

"आन् आग्रह कोन करनार?"

"कुणीच नाही."

"मंग मानसं पोटभर खात्यात कशी?" तो खरोखर काळजीनं म्हणाला.

शितल म्हणाली, "थांबा, मी आणते तुमच्यासाठी," पण हा घाईनं उठला. लेकीनं वाढून आणलेलं नको, आपल्या हातानं घेतलेलं बरं, एवढा हिशेब त्याच्या डोक्यात होताच.

आणि तिथंच घोटाळा झाला. भांड्यांच्या मागं उंच पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी उभे होते. आपल्याकडं वाढप्यापुढून ताट झाकून जाणं म्हणजे त्याचा अपमान. सोपान प्रत्येकाला रामराम घालत होता, तो आचारी हसून झाकण उचलत होता, आणि हसून झाकण उचलल्यावर सोपानला नको म्हणवत नव्हतं. पोहे घेतले, इडली घेतली, उपमा घेतला. टोमॅटोच्या रसातली गोड उसळ घेतली. पावसाळ्यात बांधावर उगवतात तसल्या अळंब्या घेतल्या. पिवळ्या चीजची वडी घेतली, केक घेतला, त्यावर कलिंगडाची फोड. एक आचारी अंडी परतत होता. त्यानं विचारलं, "सर, ऑम्लेट?"

"आता येवढ्या आगीफुडं हुभा हायेस, दे बाबा," सोपान म्हणाला. ऑम्लेट बसायला जागा नव्हती, ते कलिंगडावर पांघरलं.

टेबलावर ते ताट आलं तेव्हा विनोदनं तोंडाला रुमाल लावला. मी म्हणालो, "अरं, ही काय शेवटची पंगत हाय का?"

"तू गप. मानूस बघून नाय म्हनवंना," सोपान म्हणाला आणि जेवायला लागला. शितल समोर बसली होती. तिच्यापुढं एकच इडली. ती खातही नव्हती, बापाच्या हाताकडं बघत होती.

पोहे संपले, उपमा संपला. एवढ्यात टाय लावलेले कंपनीतले एक साहेब टेबलापाशी आले. शितल आणि विनोद दोघं उभे राहिले.

साहेब म्हणाले, "शितल मॅडम, हे वडील का तुमचे? नमस्कार, नमस्कार. बाबा, तुमच्या मुलीनं नाव काढलं. वर्षभर तिच्या लाइनवरून एक पीस खराब गेला नाही. प्लँटमध्ये हे बक्षीस पहिल्यांदाच एका बाईला मिळालं. पोटभर जेवा हं. मुलीच्या कष्टाचं आहे."

साहेब गेले. सोपानचा घास हातातच राहिला.

"बक्षीस जावयाचं नव्हं?" त्यानं हळूच विचारलं.

विनोद म्हणाला, "मी कंपनीचं म्हणालो होतो, आप्पा. माझं नाही म्हणालो."

सोपाननं घास ताटात ठेवला. लेकीचं घर नव्हतं, पण लेकीचे कष्ट होते, आणि निम्मे त्याच्या पोटात गेले होते. शितलचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "नका खाऊ, आप्पा. राहू द्या. हे लोक नेतील उचलून."

आणि खरोखर एक वेटर आलाच. "सर, हो गया?" म्हणत त्यानं ताटाला हात घातला. सोपाननं दोन्ही हातांनी ताट धरलं. वेटरनं सोडलं, सोपाननं सोडलं नाही.

मला तेव्हा त्याची अडचण कळली. खावं तर एक नेम जातो, टाकावं तर दुसरा. आणि दोन्ही त्या एकाच ताटात.

"शितल," तो म्हणाला, "तुला लागंल म्हून भीत व्हतो गं मी. तुझी आजी म्हनायची, कुशीला लागतंय."

शितल म्हणाली, "सात वर्षं तुम्ही पाळलं ना, आप्पा? काय झालं त्यानं? तुम्ही उंबऱ्यात बसून पाणी नको म्हणता, तेव्हा गल्ली आधी तुमच्याकडं बघते आणि मग माझ्याकडं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं." ती रडली नाही. इडलीचा तुकडा मोडून तसाच ताटलीत ठेवला.

सोपाननं ताट जवळ ओढलं. मग माझ्याकडं वळला. "साहेबा, आईचा एक नेम मी आधी मोडलाय. तुला चुलीपाशी नेलं तवा. आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? मीच तर बसलो व्हतो."

"त्या वर्षी काय वंगाळ झालं रं?"

मी आठवून बघितलं. "काय न्हाई. तुमची म्हस व्याली. पारडी झाली."

"आन् कांदा?"

"कांदा बी बरा गेला."

सोपाननं मान हलवली, ठेवलेला घास उचलला आणि तोंडात घातला. मग ऑम्लेट खाल्लं, कलिंगड खाल्लं, अळंब्या खाल्ल्या. चीजची वडी तोंडात घालून म्हणाला, "ही साबनाची वडी कुनी ठिवली गं?" आणि शितल हसली. हसता हसता मग रडलीही, पण ते रडणं वेगळं. शेवटी त्यानं पावाच्या तुकड्यानं ताट पुसलं आणि ग्लासातलं पाणी त्यात ओतलं. शेजारच्या टेबलावरची बाई चमचा हातात धरून बघत राहिली. सोपान ते पाणी प्यायला.

परत येताना शिक्रापूरच्या चौकात विनोदनं तळेगावकडं वळायला जीप हळू केली. मागून सोपान म्हणाला, "वळू नगा, जावईबापू. सरळ शिरूरला चला."

विनोदनं जीप सरळ घातली. शितलच्या दारात उतरलो, तर हा उंबऱ्यात थांबला, टोपी सारखी केली आणि उंबरा ओलांडून सरळ आत जाऊन बसला. "पानी दे गं," म्हणाला. तिनं तांब्या दिला. तो अर्धा तांब्या एका दमात प्यायला.

भिंतीवर वच्छलाबाई हजर होत्याच. "अगं बया, आप्पा आत? गोड बातमी हाय वाटतं!"

"हाय की," सोपान आतून ओरडला. "माझ्या लेकीला बक्षीस मिळालंय, अख्ख्या कंपनीत. या, तुम्ही बी या जेवायला."

"जेवायला?" शितल म्हणाली. "आप्पा, पोटात जागा तरी आहे का?"

"न्हाई," सोपान म्हणाला. "पर तू टाक भाकरी. आन् पिठलं कर. ह्यो साहेबा सात वर्षं एकटाच खातुया."

तिनं पाट मांडले. दोन, एकमेकांना लावून. सोपानच्या ताटात तिनं पाव भाकरी आणि पिठल्याचा एवढासा गोळा वाढला, आणि आग्रह केला नाही. तेवढं संपवायला त्याला अर्धा तास लागला. मग त्यानं ताट पुसलं, पाणी ओतून प्यायलं आणि लेकीच्या हातात दिलं. मूल त्यांना पुढंही झालं नाही. सोपान मात्र त्यानंतर शिरूरला जाताना धडप्यात भाकरी नाही, वांगी बांधून न्यायचा, आणि जिन्नस लेकीच्या हातात देऊन विचारायचा, "भरीत करतीस का आज?"