पाचटाची कोपी

उसाच्या वाळलेल्या पाचटाचा वास आला की मला धाराशिवचं ते प्रदर्शन आठवतं. ऊसतोडीला गाव सोडून जाणाऱ्यांचं जगणं दाखवायचं म्हणून संग्रहालयाच्या अंगणात पाचटाची कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, उभारली होती. मी तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि माझ्या वडिलांना, आबांना, भूमहून एसटीनं मुद्दाम घेऊन आले होते. आयुष्यभर त्यांनी अशाच कोप्यांत संसार केला, तो आता मानानं मांडलाय, हे त्यांना दाखवायचं होतं. आबा खुशीत कोपीभोवती फिरले, कुणाला तरी म्हणाले, "आमी बी लई ऊस तोडलाय." लगेच एक कॅमेरेवाला पुढं आला. "मग आजोबा, आत बसा की!" आबांनी झटकन चपला काढल्या आणि मुकादमापुढं बसावं तसे अंग चोरून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, उठा," मी म्हणाले. "सायबानं बसा म्हणलंय न्हवं," ते हळूच म्हणाले. मग मीही आत शिरून त्यांच्याशेजारी बसले. "छान," कॅमेरेवाला म्हणाला, "आता जरा दमल्यासारखं करा." आणि आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. तो फोटो अजून तिथं भिंतीवर आहे म्हणतात. मला बघायला जाववत नाही.