आप्पांचा फोन आणि सुनंदाबाईंचा तास

सुनंदाबाई गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सगळ्यांत आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणारे होते आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, आप्पा. याच ग्रुपवर याच माणसाने बाईंची अब्रू काढली होती. मी ते विसरलेली नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

शिक्रापूरजवळच्या आमच्या शाळेत आम्ही दोघी शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवायचो. तासाला कुणाचा फोन वाजला, की बाई तो स्वतः उचलायच्या आणि 'तास चालू आहे, नंतर करा' एवढं सांगून ठेवायच्या. आरडाओरडा नाही, जप्ती नाही. मुलंच लाजून फोन बंद ठेवायला शिकली. एकदा प्राचीचा फोन वाजला. पलीकडे तिचे वडील, म्हणजे आप्पा. "अध्यक्ष बोलतोय," ते म्हणाले. "कुणीही असा, पोरगी शिकतीय," म्हणून बाईंनी फोन ठेवला. आप्पांच्या फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड झालं होतं. त्यांनी ते ग्रुपवर टाकलं, 'बाईंना माज आलाय' या शेऱ्यासकट, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. मग भर पालकसभेत बाईंना हात जोडून माफी मागायला लावली. समोर बसलेले निम्मे पालक बाईंचेच जुने विद्यार्थी, पण एकाचंही तोंड उघडलं नाही. त्यानंतर फोन वाजला की बाई फळ्याकडे तोंड करून तो थांबेपर्यंत नुसत्या उभ्या राहायच्या... ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

दशक्रियेला घाटावर माईक माझ्याकडे होता. आमच्याकडे पुढाऱ्यांच्या भाषणाशिवाय दशक्रिया होत नाही. आप्पा कडक इस्त्रीत पुढेच बसले होते. मी शिपाईमामांना बोलावलं, माजी विद्यार्थ्यांना बोलावलं, आप्पांना वगळलं आणि शेवटी प्राचीचं नाव घेतलं. ती म्हणाली, "आप्पांनी तवा चार्जर कुठं हाय ते इचारायला फोन केलता. माफी बाईंनी मागितली. आप्पांनी न्हाई." आप्पांची मान खाली गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

परवा आप्पांचा मला फोन आला. "मॅडम, बाईंचा तुमच्याकडचा फोटो द्या की. स्टाफरूममधी माझ्या हातानं लावतो."

"देते. पालकसभेत बाईंनी जोडले तसे हात जोडा, मग घेऊन जा."

"आता त्या कुठं हायेत ऐकायला?"

"मी आहे ना."

त्यांनी फोन ठेवला. फोटो माझ्या स्वयंपाकघरात आहे, चहाच्या डब्यांशेजारी. तोवर बाई माझ्याच घरी राहतील.