नांदवण्यास तयार

“मॅडम कोर्टात हायत,” शिवाप्पा म्हणाले.

त्याच वेळी आतल्या केबिनमधून मॅडमचा आवाज येत होता. फोनवर कुणाला तरी झापणं चाललं होतं. मी शिवाप्पांकडं बघितलं, शिवाप्पांनी पंख्याकडं बघितलं.

“मग आत कोण बोलतंय?”

“आत मॅडमच हायत,” त्यांनी कबूल केलं. “पण तुमच्यासाठी कोर्टात हायत, अक्का.”

शिवाप्पा म्हणजे मगदूम मॅडमचे कारकून. निपाणीकडचे, त्यामुळं समोरची बाई अठराची असो नाहीतर ऐंशीची, यांची अक्काच. आणि मी म्हणजे नुकतीच सनद मिळालेली वकील. सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. परवाना मिळाला म्हणून वकिली येत नाही. त्यासाठी कुणातरी सीनियरच्या ऑफिसात दोन-चार वर्षं फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या आणि बोलणी खायची. खरं कॉलेज ते. मला तिथं ॲडमिशन मिळत नव्हती आणि ही माझी पाचवी खेप होती.

आमचं घर नेसरीचं, शेतीतलं. कोर्टाची पायरी चढलेले एकटे आजोबा, तेही बांधाच्या भांडणात साक्षीदार म्हणून. बाबांनी मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. “शिरोलीच्या फौंड्रीत डिस्पॅचला जागा हाय. माझ्या वळखीचा माणूस हाय तिथं. दसऱ्याला सोनं लुटायचं आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं. लई झालं कायदा-कायदा.” पाच वर्षं कायदा शिकून मी लोखंडी कास्टिंगची चलनं फाडत बसणार होते. दसरा आठ दिवसांवर आला होता.

मुंबई-पुण्याला अर्ज केले नव्हते असं नाही. बावीस लॉ फर्मना मेल केले. कव्हर लेटर मैत्रिणीचं घेतलं, तिनं ते तिच्या सीनियरचं घेतलेलं. त्यात ‘सागरी वाहतुकीच्या कायद्यात मला लहानपणापासून रस आहे’ असं एक दणदणीत वाक्य होतं. मी ते तसंच ठेवलं. मी समुद्र बघितला तो नववीच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, आणि तिथं माझी चप्पल वाहून गेली.

एका फर्ममधून फोन आला. बाई मराठीच होत्या. मी म्हणाले, “उद्या सकाळी धा वाजता ऑनलाइन येतो मी.” आमच्याकडं बायकाही ‘येतो, जातो’च म्हणतात. बाई म्हणाल्या, “जरा ताईंना फोन देता का?” ताई मीच, हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. मग त्यांनी विचारलं, समुद्राची आवड कशी लागली? म्हणाले, “आमच्या तालुक्यात हिरण्यकेशी नदी आहे.” त्यानंतर फोन आला नाही.

मग गपगुमान कोल्हापूर. मगदूम मॅडमच का, तेही सांगते. साठीच्या बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज असा की कोर्टात माईक बंद पडला तरी कुणाला कळू नये. पोटगीच्या केसेसमध्ये त्या नवऱ्यांच्या बाजूनं उभ्या राहायच्या. पोटगी म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायचा खर्च. बायको म्हणते, यानं मला घराबाहेर काढलं, नांदवत नाही, खर्च द्या. त्यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं: ‘सामनेवाले हे अर्जदारास नांदवण्यास आजही तयार आहेत.’ म्हणजे बाई, घर उघडं आहे, या आणि राहा, वेगळा खर्च कशाला मागता? त्यातल्या निम्म्या नवऱ्यांनी दाराला नवं कुलूप घातलेलं असायचं. पण कागदावर तयार. हे वाक्य कसं बांधतात ते मला शिकायचं होतं, कारण पुढं मला ते फोडायचं होतं. हे अर्थात मी अर्जात लिहिलं नव्हतं.

तर पाचव्या खेपेला बाकावर बसले होते. शेजारच्या पक्षकाराच्या हातात एक अर्ज होता आणि त्याच्यावर न्यायाधीशांचा शेरा: ‘समोरच्याने म्हणणे द्यावे.’ या म्हणण्याला कोर्टात सगळे ‘से’ म्हणतात. समोरच्यानं मुदतीत से दिला नाही तर ‘नो से’ होतो, आणि त्याचं न ऐकता अर्जाचा निकाल लागतो. माझं डोकं सटकलंच होतं, त्यात हे दिसलं. मी जुलैत अर्ज दिलाय. मॅडमनी हो म्हटलं नाही, न्हाय म्हटलं नाही. मग झाला की नो से!

उठले आणि कोर्टाबाहेरच्या बंडूकाका टायपिस्टांकडं गेले. चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला: सामनेवाले यांनी मुदतीत से दिला नाही, सबब अर्ज मंजूर होऊन अर्जदारास ज्युनियर म्हणून ठेवून घ्यावे.

“फॉरमॅट हाय की आपल्याकडं,” काका म्हणाले. “चा घेऊन ये जा.”

चहा घेऊन आले तर कागद तयार. मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की न वाचता सही ठोकली. शिवाप्पांनी आवक शिक्का मारला. शिक्का समोर धरला की शिवाप्पा कशावरही मारतात. आणि शिक्का बसलेला कागद आत गेलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म. पाच मिनिटांत मला बोलावणं आलं.

आत कागलचा एक नवरा, त्याची आई आणि मामा बसले होते. मॅडम चष्मा लावून माझा अर्ज मोठ्यानं वाचत होत्या. पहिल्या कलमात माझं नाव-गाव. दुसऱ्यात ‘नो से’. तिथं त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, आणि मला वाटलं, जिंकलं.

“कलम तीन,” मॅडम म्हणाल्या. “सामनेवाले यांनी अर्जदार हिस विनाकारण घराबाहेर काढले असून नांदवण्यास टाळाटाळ करीत आहेत.”

नवऱ्याच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कलम चार. सामनेवाले यांच्या गोठ्यात चार दुभत्या म्हशी असून दुधाचे भरपूर उत्पन्न आहे. शिवाप्पा, माझ्या म्हशी कुठं बांधल्यात?”

“बघतो, मॅडम,” दारातून शिवाप्पा म्हणाले.

“सबब अर्जदार हिस सामनेवाले यांजकडून दरमहा पोटगी मंजूर व्हावी.”

बंडूकाकांनी कुणाच्या तरी पोटगीच्या अर्जावर माझी दोन कलमं चिकटवली होती. बाकीचं तसंच राहिलं होतं. मामांनी हळूच विचारलं, “मॅडम, पोरगी म्हणत्याय ते खरं हाय काय?”

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बंडूकाकांचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

“मॅडम, टायपिंग दुसऱ्याचं आहे. पण सही माझी आहे. मी वाचलं नव्हतं.”

मॅडमनी चष्मा काढला. “बरं झालं बोललीस. न्हायतर हितं जो येतो तो टायपिस्टाच्या नावानं बिल फाडतो. आणि एवढी घाई कशापायी?”

मी सगळं सांगितलं. दसरा, शिरोली, डिस्पॅच. सांगताना आवाज फाटला, त्याचा मला राग आला.

“बाहेर बस,” त्या म्हणाल्या. “से देतो मी. तोंडी से चालत न्हाय.”

दीड तास बाकावर बसले. मनात चलनबुकं फाडून झाली. मग शिवाप्पांनी कागद आणून दिला. टाइप केलेला, खाली मॅडमची सही, वर आवक शिक्का. जावक मारायचा होता, पण शिवाप्पांना दोन्ही शिक्के सारखेच.

‘कलम १ खरे आहे. कलम २ खरे असून, सामनेवाले कोर्टात असल्याचे वेळोवेळी सांगणारा कारकून खोटा आहे. कलम ४ मधील म्हशींबाबतचा मजकूर खोटा व लबाडीचा असून मान्य व कबूल नाही. कलम ३ बाबत म्हणणे की, सामनेवाले अर्जदारास नांदवण्यास आजही तयार आहेत. सबब पोटगी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटची ओळ कळली. जागा मिळाली होती, पगार मिळणार नव्हता. जे वाक्य फोडायला मी आले होते, त्याच वाक्यानं पहिला माझाच निकाल लावला.

“उद्या धाला या, अक्का,” शिवाप्पा म्हणाले. “मॅडम कोर्टात असतील.”

“खरोखरच्या?”

“खरोखरच्या.”

दसऱ्याला घरी जाऊन बाबांच्या हातावर सोनं ठेवलं आणि बातमी सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पगार किती? मी तो कागदच पुढं केला. चष्मा शोधून त्यांनी सावकाश वाचला, घडी घालून परत दिला.

“नांद मग नीट,” म्हणाले. शिरोलीचा विषय परत निघाला नाही.

नांदले. सहा वर्षं. पहिल्या दिवाळीला मॅडमनी एक पाकीट हातात दिलं. त्याच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘अंतरिम पोटगी. म्हशी विकून.’

आता माझं वेगळं ऑफिस आहे आणि मी बायकांच्या बाजूनं उभी राहते. समोरचा वकील ‘नांदवण्यास तयार’ म्हणाला की मी विचारते, कुठल्या घरात, कुठल्या तारखेपासून, आणि किल्ली कुणाकडं आहे? समोर मगदूम मॅडम असल्या तर त्या फाइलीत तोंड घालून हसतात, आणि मग किल्ली हजर करायला मुदत मागतात.

माझ्याकडंही नव्या पोरापोरींचे अर्ज येतात. त्यांना एकच सांगणं आहे. काय मागितलंय ते शेवटच्या कलमात असतं. सही करायच्या आधी ते वाचा. आणि उत्तर आलं की त्याचंही शेवटचं वाक्य आधी वाचा, रडायचं ते नंतर.