टेकाड उतरेपर्यंत

देवळाली कॅम्पच्या बाजारात जहिदा जवानांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवून द्यायची. मुलींची लग्नं झाली, नवरा इब्राहिम गुडघेदुखीने घरी बसला, तरी तिचं मशीन थांबलं नाही. तिच्या हातची शिवण सरळ म्हणजे सरळच.

यंदाच्या उन्हाळ्यात तीच शिवण तिला वाकडी दिसायला लागली. मशीन बिघडलं असं समजून तिने सुई बदलली, तेल घातलं, शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने कापडाचा तुकडा मशीनवर चालवून पाहिला.

"चाची, टाके एकदम सरळ पडतायत."

जहिदाने कापड डोळ्यांजवळ धरलं. टाके मधोमध लचकलेले. तिने दाराकडे पाहिलं, तर चौकटसुद्धा वाकलेली.

चष्मेवाल्याने नंबर तपासून मान हलवली. "काच बदलून उपयोग नाही. शुगर आहे ना तुम्हाला? नाशिकला जाऊन डोळ्याचा आतला पडदा दाखवा."

शुगर होती. गोळ्या मात्र ती आठवण झाली तरच घ्यायची.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमला घेऊन तिने बस पकडली. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बसवलं. मग एका यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली. "आतल्या हिरव्या खुणेकडे बघा, पापणी हलवू नका," यंत्र चालवणारा दीपक म्हणाला. ना स्पर्श, ना दुखणं. क्षणभरात संगणकावर करड्या रंगाचे थर उमटले.

"हा तुमचा पडदा, उभा कापून दाखवल्यासारखा," डॉक्टर तृप्ती म्हणाल्या. "मधे खळगा हवा, तिथे टेकाड झालंय. शुगरमुळे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपलंय. दोन्ही डोळ्यांत. इंजेक्शन द्यावं लागेल, डोळ्यात. एकदा देऊन भागणार नाही. आणि सगळं पहिल्यासारखं दिसेल, असं मी सांगत नाही."

बाहेर येताच इब्राहिम म्हणाला, "डोळ्यात सुई? चल घरी. आहे तेवढीही नजर जायची."

"सुईची भीती मला नका घालू," जहिदा म्हणाली. "उभा जन्म सुईशीच काढलाय."

तरी टेबलावर झोपल्यावर तिच्या मुठी वळल्या. भूल देणारे थेंब पडले, पापण्या चिमट्याने उघड्या राहिल्या. थोडासा दाब जाणवला, नजरेत काळे ठिपके तरंगले, आणि झालंसुद्धा.

पहिल्या इंजेक्शनने फरक पडला नाही. दुसऱ्यानंतरही शिवण लचकतच होती. इब्राहिम म्हणाला, "आता पुरे." पुढच्या तारखेला ती एकटीच बसमध्ये चढली. चहातली साखर सुटली, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, रोज कॅम्पातल्या झाडांखालून चालणं सुरू झालं. हळूहळू स्क्रीनवरचं टेकाड उतरत गेलं. उजवा डोळा बराचसा निवळला. डाव्यात थोडा बाक राहिला. तो तसाच राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

 घरी येऊन जहिदाने मशीन उजवीकडच्या खिडकीशी सरकवलं, वर मोठा दिवा लावला आणि शिवायला बसली. काम आता सावकाश होतं.

शेजारच्या भाजीवाल्या नवसाबाईलाही शुगर होती. जहिदाने तिला डोळे दाखवून घ्यायला सांगितलं. "मला लख्ख दिसतंय की!" ती म्हणाली.

"दिसतंय तोवरच दाखवायचं असतं. मला उशीर झाला, तुला होऊ देणार नाही," जहिदा म्हणाली आणि पुढच्या तारखेला तिला दंडाला धरून बसमध्ये चढवलं.