चौकोन नसलेली ओळ

मी आमचा संगणक मांडीवर घेऊन रिक्षाने पनवेलहून खारघरला गेलेली आहे. लॅपटॉप नव्हता तो. चांगला जाडजूड लोखंडी डबा होता, जुन्या चादरीत गाठ मारून बांधलेला. त्याच्या पोटात आमच्या मुक्ताचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट रिपोर्ट होता आणि तो चार वाजेपर्यंत कॉलेजात जमा झाला नाही, तर तिचं वर्ष जाणार होतं. आठवलं की अजून डोकं तापतं!

आधी माझ्याबद्दल. मी यादी करते. प्रत्येक कामापुढे एक चौकोन, काम झालं की चौकोनात बरोबरची खूण. आमच्या दाराच्या आत ‘घर सोडताना’ ही यादी कायमची चिकटवलेली आहे: गॅस, गीझर, खिडक्या, किल्ली. खाली लाल शाईत सूचना: ‘पाणी चारला येतं. माळ्यावरच्या टाकीचा नळ बंद करून जावे.’ ही सूचना घरात कोणीही, कधीही वाचत नाही! “खाली लिहिलेलं वाचायला काय डोळे दुखतात?” असं मी आठवड्यातून तीनदा ओरडते.

तर आमच्या ह्यांनी घरच्या संगणकावर विंडोज काढून लिनक्स घातलं. (मी सांगितलं नव्हतं.) मग एका रविवारी म्हणाले, “अगं, तो फार हळू चालतो. आपल्यापुरता कर्नल बनवू.” कर्नल म्हणजे संगणकातला मूळ प्रोग्राम. कुठलं यंत्र ओळखायचं आणि कुठलं नाही, हे तो ठरवतो. त्यासाठी आधी पडद्यावर एक यादी येते.

यादी! मी हातातला कुकर खाली ठेवला आणि खुर्ची ओढली.

काय ती यादी! शेकडो ओळी, प्रत्येकीपुढे चौकोन, आणि निम्मा पसारा आमच्या सात पिढ्यांनी न पाहिलेला. माझा तर संतापच झाला. दुसऱ्याच्या घरातली अडगळ आमच्याकडे का?

“हौशी रेडिओ. आहे आपल्याकडे?”

“नाही.”

“काढा! जॉयस्टिक?”

“नाही.”

“काढा! हे स्कझी काय आहे?”

“ते मोठ्या सर्व्हरच्या डिस्कसाठी असतं.”

“आपल्याकडे आहे?”

“नाही, पण...”

“काढा!”

पुढे युएसबीचं पान आलं. हे चष्मा वर करून म्हणाले, “अगं, इथे चांदण्यांच्या मध्ये काहीतरी लिहिलंय.”

“त्यापुढे चौकोन आहे?”

“नाही.”

“मग पुढे चला! ती नक्षी असेल.”

दोन तासांनी नवा कर्नल तयार झाला. संगणक खरंच भरभर सुरू झाला. “जुना राहू दे, अडीअडचणीला लागेल,” हे म्हणाले. मी म्हटलं, “एकाच कामाच्या दोन वस्तू घरात ठेवायच्या नाहीत.” जुना कर्नलही काढायला लावला. चौकोनात खूण केली आणि समाधानाने कुकर लावला.

गुरुवारी सकाळी मुक्ताने पेनड्राइव्ह लावला. काही नाही. काढला, फुंकला, पुन्हा लावला. काही नाही.

“बाबा, आपला कॉम्प्युटर पेनड्राइव्ह ओळखतच नाहीये!”

“ईमेल कर,” मी म्हटलं.

“आई, रस्ता खोदल्यापासून फोनची लाइन बंद आहे. नेट कुठून आणू?”

मग आम्ही तिघं पुन्हा त्या यादीसमोर बसलो. पेनड्राइव्हचा पर्याय शोधला. नव्हता! म्हणजे बंद नव्हता, मुळात ओळच नव्हती! युएसबीच्या पानावर पार कुठल्या तरी देशातल्या तापमापकासाठी चौकोन, आणि पेनड्राइव्हसाठी नाही? “कोणी केली ही यादी?” मी ओरडले. “माझ्या हाताखाली असता, तर एका दिवसात वळण लावलं असतं!” रागारागात त्या पानावरचे होते नव्हते तेवढे चौकोन चालू केले. पुन्हा दोन तास. पुन्हा पेनड्राइव्ह लावला.

काही नाही!

अडीच वाजले. मुक्ता रडायला लागली. मी चादर काढली.

“अहो, डबा उचला. मी दार बघते.” गॅस, गीझर, खिडक्या, किल्ली. चार चौकोन, चार खुणा. निघालो.

रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. “ताई, बोचक्यान काय हाय?”

“संगणक!”

“बिघडलाय काय?”

“अजिबात नाही! उत्तम चालतो!”

“मंग त्याला फिरवायला कशाला नेता? आमी नाय कधी टीव्हीला फिरवला.”

माझ्याशेजारी हे हसले. मी बघितलं. मग हसले नाहीत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी आमची वरात शांतपणे पाहिली. डबा उघडला, आतली डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि रिपोर्ट उतरवून घेतला. चारला दहा मिनिटं कमी होती. मुक्ताने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

खरं तर तिथेच घरी यायला हवं होतं. पण मला त्या यादीची तक्रार करायची होती! “सर, पेनड्राइव्हचा पर्यायच नाही. हा काय कारभार?”

सरांनी डबा पुन्हा जोडून आमची यादी उघडली. युएसबीचं पान आलं. त्यांनी चांदण्यांच्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही सूचना वाचली नाहीत का, मॅडम? पेनड्राइव्हला स्कझी लागतं. ते काढलं, की पेनड्राइव्हची ओळ दिसतच नाही. स्पष्ट लिहिलंय की!”

मी म्हटलं, “त्यापुढे चौकोन नव्हता.”

ह्यांनी छताकडे बघितलं. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झालीत. छताकडे कधी बघायचं, हे त्यांना कळतं.

साडेपाचला घरी पोहोचलो, तर आमच्या दाराखालून पाणी जिन्यावर येत होतं. आत माळ्यावरची टाकी भरभरून वाहत होती. दाराच्या आत माझी यादी होती: चार चौकोन, चार खुणा, आणि खाली लाल शाईतली सूचना, ओली होऊन ओघळलेली.

“कोणी...” मी ओरडायला तोंड उघडलं, आणि आठवलं की दार मीच बघितलं होतं.

ह्यांनी डबा उंच धरून पाण्यात पाय टाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “जाऊ दे गं. त्यापुढे चौकोन नव्हता.”