एक मिनिट पुढचा माणूस

जीवराम फेगडे हा आवडण्याजोगा माणूस नव्हे, आणि आपण कोणाला आवडावे अशी त्याची इच्छाही नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये त्याने सारी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर त्याने नशिराबादला घर बांधले. त्या घराच्या वास्तुशांतीला भावकीतल्या निम्म्या लोकांना त्याने बोलावले नाही, आणि ज्यांना बोलावले त्यांतले काही जेवण न करताच परतले. मुलगा ललित परदेशी गेला तेव्हा आपली महागडी रोड बाईक मागे ठेवून गेला. ती विकायला काढण्यापूर्वी चाके सरळ फिरतात की नाही हे पाहण्यासाठी जीवराम एकदा तिच्यावर बसला. त्यानंतर विकण्याची भाषा बंद झाली.

दर रविवारी पहाटे नशिराबादच्या पुढे महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर आम्ही काही हौशी सायकलस्वार जमतो. भुसावळच्या दिशेने दहा किलोमीटर जायचे, वळायचे आणि परत यायचे. सगळे एकत्र सुटत नाहीत. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकजण सुटतो. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायला बंदी आहे. त्यामुळे शर्यत असते ती प्रत्येकाची स्वतःच्याच जुन्या वेळेशी. सुरुवातीच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन हेमांगी बसते. ती जळगावच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. वळणावर झेंडा घेऊन मी उभा असतो. तेथून आकाश स्वच्छ असले की दीपनगरच्या चिमण्या दिसतात.

या चिमण्यांच्या धुरावरून जीवराम वारा ओळखत असे, आणि त्या ज्ञानाचा उपयोग मुख्यतः दुसऱ्याचा आनंद घालवण्यासाठी करत असे. भूषण नावाच्या एका कॉलेजकुमाराने पहिल्यांदा आपली जुनी वेळ मोडली आणि पुढच्या रविवारी सर्वांसाठी पेढे आणले. जीवरामने पेढा बोटांत धरला, उलटसुलट पाहिला आणि परत डब्यात ठेवला.

"मागच्या रविवारी वारा पडलेला होता, पोरा," तो म्हणाला. "हा पेढा वाऱ्याला दे."

त्याला स्वतःला हवे होते ते एकच. वीस किलोमीटर पस्तीस मिनिटांच्या आत. तीन वर्षांपूर्वी त्याने जी सर्वोत्तम वेळ दिली ती पस्तीस मिनिटांवर चार सेकंदांची होती, आणि ते चार सेकंद त्याच्या घशात हाडासारखे अडकले होते. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी, साठीनंतर शरीर वेग वाढवत नाही, असलेला वेग राखला तरी पुष्कळ, असे त्याला समजुतीच्या स्वरात सांगितले. तेव्हापासून त्याने त्या डॉक्टरांशी बोलणे सोडले.

त्याच्या एक मिनिट पुढे सुटत असे तो प्रेमराज बऱ्हाटे. तोही दीपनगरचाच. कंट्रोल रूममधले काम त्याला जीवरामने शिकवले होते. पुढे खात्याची परीक्षा आली. जीवरामने ती देणे कमीपणाचे मानले, प्रेमराजने दिली, आणि शिकवणाऱ्याच्या खुर्चीमागे शिकलेला माणूस शिफ्ट इनचार्ज म्हणून येऊन उभा राहू लागला. तो काही बोलत नसे. मीटरवरचे आकडे जीवरामच्या खांद्यावरून पाहायचा आणि पुढे जायचा. जीवरामच्या निरोपाच्या दिवशी प्रेमराज भाषण करणार, असे कळताच जीवराम आलाच नाही. त्याच्यासाठी आणलेली शाल आणि नारळ संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून राहिले.

प्रेमराज सायकलवर आला तो साखर वाढली म्हणून. त्याला वेगाची हौस नव्हती. वास्तविक त्याच्यासारख्या संथ माणसाने बरेच आधी सुटायचे, पण जीवरामने हेमांगीकडे हट्ट धरून त्याला आपल्या नेमका एक मिनिट पुढे लावून घेतले. मग दर रविवारी वळणाच्या अलीकडे तो प्रेमराजला गाठत असे आणि बाजूने जाताना, कंट्रोल रूममध्ये नवशिक्याला हुकूम द्यावा त्या सुरात, दोनच शब्द बोलत असे.

"बऱ्हाटे, डावीकडे."

प्रेमराज मुळातच डावीकडे असे. तरी तो आणखी डावीकडे होई, कधी कधी मातीत उतरे, आणि उत्तर देत नसे.

हे असेच चालले असते. पण एकदा हेमांगीने, निव्वळ कौतुकापोटी, प्रेमराजला एक गोष्ट सांगून टाकली. तुम्ही मुलीकडे चोपड्याला जाता त्या रविवारी फेगडेभाऊंची वेळ हमखास बिघडते. तुम्ही पुढे असलात की ते जोरात येतात. एका अर्थी त्यांची वेळ तुम्हीच घडवता. प्रेमराजने हे शांतपणे ऐकून घेतले, बाटलीतले उरलेले पाणी पायावर ओतले आणि तो घरी गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यापुढच्याही नाही.

जीवरामची घसरण सर्वांना दिसू लागली. त्याने इतरांना पुढे लावून पाहिले. भूषण त्याच्या हाती लागत नसे. डॉक्टर हाती लागले, पण गाठताच ते मान वळवून म्हणाले, "वा, काका, सुंदर!" आणि जीवरामचा उरलेला रस्ता फुकट गेला. त्याची बायको लताबाई एकदा हेमांगीला बाजारात भेटली. घरात ताटे आदळू लागली होती. तिने हेमांगीला बाजूला घेऊन सांगितले, "त्यायले चांगलं नको बोलत जाऊ, बाई. चांगलं बोललं का त्यायचे पायच गळता."

शेवटी जीवराम भुसावळला प्रेमराजच्या घरी गेला. तेथे काय झाले ते पुढे दोघांनीही आपापल्या परीने सांगितले, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही हकिकती जुळल्या. प्रेमराजने खुर्ची दिली, पाणी दिले, चहा ठेवायला सांगितला. जीवराम उभाच राहिला.

"रविवारी येत नाहीस."

"गुडघा दुखतो, भाऊ."

"परवा बाजारात पाहिलं तुला. दोन्ही हातांत पिशव्या होत्या."

"बाजारात चालतो तो," प्रेमराज म्हणाला. "तुमच्या पुढे चालत नाही."

जीवरामने विचारले, मग काय करायचे. विनंती म्हणून त्याच्या तोंडून एवढेच निघू शकत होते. प्रेमराजने ते ओळखले आणि अट घातली. येईन, पण तुम्ही पुढे, मी मागे.

"मागे राहून काय करणार आहेस?"

"तुमची पाठ पाहीन."

जीवराम हसला, आणि अट मान्य करून निघाला. चहा तसाच राहिला. वाटेत त्याच्या मनात काय आले असेल ते ओळखणे कठीण नाही. खुर्चीमागे उभा राहणारा तो माणूस पुन्हा पाठीशी येणार होता, आणि या वेळी त्याच्यापासून दूर जायला पुढे रस्ता होता. पस्तीस मिनिटे मोडायला याहून चांगली तजवीज त्याला सुचली नसती.

त्या रविवारी सगळे ठरल्याप्रमाणे झाले. जीवराम सुटला. मिनिटभराने प्रेमराज रेषेवर आला, एक पाय पायडलवर ठेवून उभा राहिला. हेमांगीने पाच, चार, तीन असे मोजले. शून्य म्हटल्यावर प्रेमराजने पाय खाली घेतला. त्याने तिला नमस्कार केला, सायकल गाडीवर चढवली आणि भुसावळच्या उलट बाजूने, लांबच्या वाटेने, घरी निघून गेला. जीवरामच्या नजरेस न पडण्याची काळजी त्याने घेतली होती.

वळणावर मला यातले काही ठाऊक नव्हते. जीवराम आला तो जबडा आवळलेला, मान खाली घातलेला. झेंड्याला वळसा घालून सरळ होताच त्याने पहिल्यांदा मान वर केली, कारण मागचा माणूस आता समोरून येताना दिसायला हवा होता. रस्त्यावर केळीच्या बागेतून निघालेला एक ट्रॅक्टर होता. दुसरे कोणी नव्हते. जीवरामने माझ्याकडे पाहिले.

"कुठे आहे तो?"

मी म्हणालो, अजून आलेला नाही. दहा-बारा पायडल मारण्याइतका वेळ जीवराम नुसता बसून राहिला. मग त्याला समजले. परतीच्या वाटेवर वारा तोंडावर होता, आणि तो वाऱ्यावर धावून जावे तसा गेला. प्रेमराजला वाटले होते, रस्ता रिकामा दिसला की म्हातारा तेथेच मोडेल. त्याने सोळा वर्षे ज्याची पाठ पाहिली, त्याची पुढची बाजू त्याला अजून कळली नव्हती. हेमांगीने घड्याळ थांबवले तेव्हा पस्तीस मिनिटे व्हायला सहा सेकंद बाकी होते. जीवरामने वेळ ऐकली, सायकल कुंपणाला टेकवली आणि विचारले, "बऱ्हाटे कुठे गेला?"

आनंद व्हायला त्याला तो माणूस समोर हवा होता.

तो पुढच्याच रविवारी समोर आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात शाल आणि नारळ, आणि सोबत चक्क एक फोटोग्राफर. त्याने आम्हा सर्वांना अर्धवर्तुळात उभे केले आणि दीपनगरला राहून गेलेले भाषण तेथे रस्त्यावर केले. फेगडेभाऊंनी या वयात जे मिळवायचे ते मिळवले, असे तो म्हणाला. आता त्यांनी सायकल खुंटीला टांगावी, नातवंडे खेळवावीत, समाधानाने बसावे, हीच आपणा सर्वांची इच्छा. आम्ही टाळ्या वाजवल्या. शाल आणि नारळ माणसाला कधी देतात हे ठाऊक असूनही वाजवल्या, आणि डॉक्टरांनी जरा जास्तच वाजवल्या.

जीवरामने नारळ हेमांगीच्या टेबलावर ठेवला. शाल हातात घेतली, तिची घडी मोडली, सायकलजवळ बसला आणि तिने चेन पुसू लागला. घाई न करता, एकेक कडी. मग मागचे दातेरी चक्र पुसले. काळे तेल शालीच्या जरीपर्यंत पोचल्यावर तो उठला. शाल झटकून त्याने ती प्रेमराजच्या खांद्यांवर पांघरली आणि पुढची दोन टोके नीट जुळवली.

"तुझाही सत्कार करायचा राहिला होता," तो म्हणाला.

फोटोग्राफरला काय चालले आहे हे न कळल्याने त्याने नेमका तो फोटो काढला. प्रेमराजने शाल काढली नाही. तशीच घेऊन तो गाडीत बसला. पांढऱ्या शर्टावरचे डाग पाठीमागून स्पष्ट दिसत होते.

पावसाळाभर प्रेमराजची काही खबर नव्हती. मग यावल रस्त्यावर तो पहाटे एकटा दिसतो, असे कोणी कोणी सांगू लागले. वजन उतरले आहे, सायकल नवी आहे, हाक मारली तर थांबत नाही. भूषणने त्याला पाहिले होते. तो म्हणाला, बऱ्हाटेकाकांचे तोंड आता फेगडेकाकांसारखे दिसते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तो आला आणि कोणाला न विचारता जीवरामच्या एक मिनिट पुढे उभा राहिला. जीवरामने हेमांगीकडे पाहून, चालेल, अशी मान हलवली. इतक्या महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर आम्ही प्रसन्नतेच्या इतक्या जवळचे काही पाहिले नव्हते, असे तिने मला नंतर सांगितले.

वळणावर मी झेंडा घेऊन उभा होतो. पहिली सायकल दिसली तेव्हा सवयीने मी जीवरामच समजलो. तो प्रेमराज होता. त्याच्या मागे थोड्याच अंतरावर जीवराम होता, दात विचकून, पूर्ण जोरात, आणि ते अंतर वळणापर्यंत भरून निघणार नाही हे दोघांनाही कळलेले होते. प्रेमराजने झेंड्याला वळसा घातला आणि तो परत फिरला. आता दोघे एकमेकांच्या समोर आले. रस्ता रुंद होता, दोघेही आपापल्या बाजूने होते, कोणाला कोणाची अडचण नव्हती.

या रस्त्यावर प्रेमराजने जीवरामला पाहून पहिल्यांदाच तोंड उघडले, आणि 'भाऊ' गाळून.

"फेगडे, डावीकडे."