मुरलीभाऊंचा फोन माझ्याकडे असतो

आमच्या बसमध्ये किस्से जमायला वेगळं काही करावं लागत नाही. डांगे चौकात बसायचं, चिखली, मोशी करत चाकणला उतरायचं. मधे ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर माणूस दुसरं करणार काय? चाळीस माणसं, ठरलेल्या सीटा आणि रोजचे जाऊन-येऊन तीन तास. एक किस्सा सांगायला घेतला की त्याला धरून आणखी दोन बाहेर येतात. घरी गेल्यावरही माझी टकळी चालूच असते, तेव्हा नवरा विचारतो, "तू नक्की कंपनीत कामाला आहेस की बसमध्ये?"

आता खरं सांगू? पगार कंपनीचा, करमणूक बसची!

आमचे ड्रायव्हर मुरलीभाऊ. मूळचे परभणीकडचे, आता चिखलीत दोन खोल्यांत राहतात. गाडी अशी चालवतात की माझी दहा मिनिटांची डुलकी मोडत नाही. त्यांच्या आधीचा ड्रायव्हर ब्रेक मारायचा तेव्हा माझा डबा घरंगळत शेवटच्या सीटपर्यंत जायचा, आणि परत येताना हलका होऊन यायचा.

मधे कंपनीने नियम काढला. केबिनमध्ये कॅमेरा बसवला. गाडी चालवताना हातात फोन दिसला की पिवळी चिठ्ठी. ठरलेला स्टॉप सोडून गाडी थांबवली तरी पिवळी चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की ड्रायव्हर घरी, कायमचा! नियम चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण नियमाच्या पहिल्याच महिन्यात मुरलीभाऊंच्या दोन चिठ्ठ्या झाल्या. घरात कमावणारे ते एकटेच.

पहिली चिठ्ठी खरी होती. घरी सिलिंडर आला होता आणि भाऊ वहिनींना ओटीपी सांगत होते. दुसरी मात्र ऐकण्यासारखी आहे.

*

सेफ्टीच्या बर्वे साहेबांनी भाऊंना बोलावून फोटो दाखवला. फोटोत भाऊंचा डावा हात गालावर.

"हा फोनच आहे," साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब, दाढ दुखायली होती. गाल दाबून धरला होता."

"मग तोंड उघडं कसं? बोलताय तुम्ही!"

"कण्हायलो होतो, साहेब."

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा काढून पाहिला, परत लावून पाहिला. मग चिठ्ठी फाडून हातात दिली आणि म्हणाले, "नियमात दाढेचा उल्लेख नाही!"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी दाढच काढून टाकली. म्हणाले, "नोकरी ऱ्हायली पायजे, ताई. दाढा हायेत अजून."

*

यावर बसने उपाय काढला. गाडी सुरू व्हायच्या आधी भाऊंनी फोन पहिल्या सीटवर द्यायचा. पहिली सीट माझी. बर्वे साहेबांनीही मान डोलावली. पण फोन ठेवून घ्यायचा एवढंच ठरलं होतं. वाजला तर काय करायचं, हे कुणीच बोललं नव्हतं. आणि नुसता वाजत राहिलेला फोन मला बघवत नाही. मी उचलला.

पलीकडे शोभावहिनी, भाऊंची बायको. सकाळी सव्वासातला नवऱ्याच्या फोनवर बाईचा आवाज!

"कोन गं तू?"

"वहिनी, मी बसमधली..."

"आन् ह्यांचा फोन तुझ्यापाशी कामून?"

मी सांगायला लागले, पण त्या ऐकतायत कुठे! शेवटी मी फोन वर धरला आणि ओरडले, "अरे, सांगा रे वहिनींना!" सगळी बस एका सुरात ओरडली, "वहिनी, आम्ही पण आहोत!"

मग पलीकडून आवाज आला, "किती जनी हाव?"

*

तेव्हापासून भाऊंचा संसार माझ्यामार्फत चालतो. ते पुढे बघून बोलतात, मी फोनवर सांगते. वहिनी काय म्हणाल्या ते त्यांना सांगते. मधे बसची मतंही पडतात. मेव्हण्याला टीव्ही द्यावा की नाही यावर आम्ही मोशीपर्यंत मतदान घेतलंय. नको असं ठरलं.

एकदा दोघांचं चांगलंच जुंपलं. भाऊ स्टेअरिंग घट्ट धरून म्हणाले, "सांगा तिला, तुझ्या भावानं माझ्या घरात पाय ठेवला तर तंगडं मोडीन!"

हे मी कसं सांगणार? मी गोड आवाजात म्हटलं, "वहिनी, भाऊ म्हणतात, तुमच्या बंधूंनी सध्या न आलेलं बरं. कृपया."

"ताई," वहिनी म्हणाल्या, "ह्यांला कृपया येत न्हाई. खरं काय म्हनायलेत ते सांगा."

मागून तीन जण एकदम ओरडले, "तंगडं मोडीन म्हणतात!"

*

आता आमचे विलासआण्णा. चिखलीचे मूळ गावकरी, स्टोअरला आहेत. फोनच्या नियमावर सगळ्यात मोठं भाषण यांचं. "आमी न्हाई बा कधी गाडीवर बोलत!" असं छाती पुढे काढून सांगायचे.

एके दिवशी बस चुकली म्हणून स्कूटरवर निघाले. फोन हेल्मेटमध्ये कानापाशी कोंबलेला, पलीकडे काकू, म्हणजे त्यांची बायको. दोन्ही हात मोकळे, म्हणजे त्यांच्या मते नियम पाळला! स्पाइन रोडच्या सिग्नलला ट्रॅफिकच्या मॅडमनी थांबवलं.

"काका, फोनवर बोलत होता ना?"

"आमी? न्हाई वो मॅडम! फोनच घरी इसारलाय आज."

मॅडमनी वरून खाली पाहिलं. खिसे रिकामे, हात रिकामे. "जा," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात हेल्मेटमधून काकूंचा खणखणीत आवाज आला, "अहो, गेली का ती?"

हे आम्हाला काकूंनीच सांगितलं. आण्णा अजून म्हणतात की रेंज खराब होती.

*

बर्वे साहेबांना एवढं हसू नये, पण सुरक्षा सप्ताहाचा त्यांचा मेसेज मी विसरणार नाही. सकाळी बसच्या ग्रुपवर व्हॉइस नोट आली. मी स्पीकरवर लावली.

"सर्व चालक बंधू आणि प्रवाशांना सुरक्षा सप्ताहाच्या हार्दिक शुभेच्छा. वाहन चालवताना मोबाइलचा वापर... ए, दिसत नाही का रे! घे बाजूला! ... टाळा. धन्यवाद."

मागे हॉर्न, इंडिकेटरची टिकटिक, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. साहेबांनी मेसेज लगेच डिलीट केला, पण तोवर बसने तो दोनदा ऐकला होता. मुरलीभाऊ तेवढे हसले नाहीत. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, साहेबाला चिठ्ठी कोन देतं?"

*

आणि परवाचा किस्सा.

पहिली पाळी सुटली, आम्ही चाकणहून परत निघालो. त्या दिवशी तपासणीला बर्वे साहेब स्वतः बसमध्ये. पहिल्या सीटवर तेच बसले, मी मागच्या सीटवर गेले. म्हणजे भाऊंचा फोन साहेबांच्या मांडीवर!

भाऊंची मुलगी पूजा दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदानावर धावायची, मग दिवसभर अभ्यास. मागच्या वेळी दोन मार्कांनी राहिली होती आणि आठ दिवस धड जेवली नव्हती. निवड यादी त्याच दुपारी लागणार होती. साहेब सोडून बसमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं.

कुरुळीच्या पुढे फोन वाजला. साहेबांनी उचलला, मी मागून कान लावला.

"पप्पा?"

"पप्पा गाडी चालवतायत. मी सेफ्टीतून बोलतोय. काय निरोप आहे?"

"पप्पांनाच सांगायचंय," पूजा म्हणाली. आवाज रडवेला होता, पण रडवेला कशाने ते कळेना! फोन कट झाला.

मी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांचा चेहराच उतरला. भाऊंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, आणि घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"मुरली, गाडी बाजूला घ्या," साहेब म्हणाले.

"हितं स्टॉप न्हाई, साहेब. मोशीला."

मोशी म्हणजे त्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास!

"अहो, मी सांगतोय ना!"

"दोन चिठ्ठ्या झाल्यात, साहेब. तिसरी झाली तर पोरीला काय सांगू? लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"तुम्ही थांबवायला लावली म्हनून."

विलासआण्णा मागून ओरडले, "द्या की वो लिहून! जीव जायाची येळ आली इथं!"

साहेबांनी कागदासाठी बॅग उपसली. निघालं काय, तर पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक. त्यातलीच एक फाडली, हलत्या बसमध्ये गुडघ्यावर ठेवून लिहिली, 'गाडी माझ्या आदेशाने थांबवली', खाली सही केली आणि मला दिली. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. मग भाऊंनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी अगदी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली आणि साहेबांकडून फोन घेऊन खाली उतरले. एवढ्यात आमचं अर्धं आयुष्य गेलं!

फोन लावताना बटण चुकलं आणि स्पीकर चालू झाला. सगळी बस खिडक्यांना लटकली होती, साहेबांसकट.

"हां बाळा, बोल."

"पप्पा, गाडी उभी आहे ना?" पूजा हुंदका आवरत म्हणाली. "नाहीतर माझी पहिली पावती तुमच्याच नावानं फाडीन!"